निमंत्रणातली मागणी

१ मे १७५० रोजी दुपारी बारा वाजता लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या प्रार्थनामंदिरात हँडेलने आपली 'मसाया' ही संगीतरचना सादर केली. नावात हॉस्पिटल असले तरी ते रुग्णालय नव्हते. आईबापांनी टाकलेल्या मुलांचा सांभाळ आणि शिक्षण करणारी ती संस्था होती. थॉमस कोरम नावाच्या जुन्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने सतरा वर्षे उंबरे झिजवून १७३९ मध्ये तिच्यासाठी राजाची सनद मिळवली होती. या कार्यक्रमाच्या प्रवेशिकेच्या माथ्यावर संस्थेचे मानचिन्ह होते आणि खाली अगदी मोजका मजकूर: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या दिग्दर्शनाखाली काय सादर होणार, प्रवेशिका संस्थेच्या कारभाऱ्याकडे आणि शहरातल्या कोणत्या दोन पेयगृहांत मिळणार, किंमत अर्धी गिनी. सर्वांत शेवटी एक टीप होती. कार्यक्रमात वर्गणी गोळा केली जाणार नाही, एवढेच ती सांगत होती. त्या काळी धर्मादाय प्रवचन ऐकायला लोकांना बोलवायचे आणि ते संपले की त्यांच्यापुढे ताट फिरवायचे, ही रुळलेली रीत होती. येणाऱ्याच्या मनात तीच धास्ती असणार, हे संयोजकांनी ओळखले आणि कागदावरच तिचा बंदोबस्त केला. अर्धी गिनी ही रक्कम लहान नव्हती. पण ती एकदा दिली की पुढचे काही तास निवांत संगीत ऐकता येईल, अशी हमी त्या एका ओळीने दिली होती.

मदतनिधीच्या निमंत्रणाबद्दल या प्रकरणात जे म्हणायचे आहे, त्याचे बीज या टिपेत आहे. असे निमंत्रण एकाच कागदावर दोन विरुद्ध दिशांची कामे करू पाहते. बोलावणारा यजमान होतो आणि येणारा पाहुणा. आणि पाहुण्याकडून काही मागायचे नसते, त्याचे आदरातिथ्य करायचे असते. मदत मागितली की हे नाते उलटे फिरते. बहुतेक संस्था हा पेच सोडवत नाहीत, झाकतात. आपल्याकडच्या अशा पत्रिकेचा साचा थेट लग्नपत्रिकेवरून उतरलेला असतो. वर श्री, मग सप्रेम नमस्कार, सहकुटुंब सहपरिवार येण्याचा आग्रह, प्रमुख पाहुण्यांची नावे त्यांच्या सगळ्या पदांसह, आणि तळाशी 'आपले विनीत' म्हणून पंधरा-वीस नावे. पैसे हवे आहेत हे कुठे असते? मागच्या पानावर बारीक टाइपात बँक खात्याच्या क्रमांकापाशी, नाहीतर कुठेच नसते. मग ते मध्यंतराच्या आधी निवेदक सांगतो, स्वयंसेवक पाकिटे घेऊन रांगारांगांतून फिरू लागतात, आणि रांगेच्या मधोमध बसलेल्या माणसाला उठून जाण्याचीही सोय उरत नाही. माझे म्हणणे असे की मागणी पत्रिकेच्या मुख्य मजकुरातच हवी. पहिल्या वाचनात दिसेल अशी, रकमेसह, कारणासह, आणि नाही म्हणायला जागा ठेवून. कागद, रंग, अक्षरांचे वळण हे प्रश्न त्यानंतरचे आहेत. त्यातले निम्मे तर मागणी कशी करायची हे ठरले की परस्पर सुटतात, कारण कोणती ओळ मोठी आणि कोणती लहान याचे उत्तर डीटीपी करणाऱ्याला सापडलेले असते.

यावर पहिला आक्षेप शिष्टाचाराचा येतो. पत्रिकेवर रकमा छापणे म्हणजे जेवायला बोलावून हातात बिल ठेवण्यासारखे आहे, चारचौघांत पैशाचे बोलू नये, असे कार्यकारिणीच्या बैठकीत कोणी ना कोणी म्हणतोच. पण मराठी समाजाचा इतिहास या संकोचाला दुजोरा देत नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या स्पर्धक मंडळ्या त्या रात्री एका रंगमंचावर आल्या. केशवराव भोसले धैर्यधर झाले आणि बालगंधर्व भामिनी. प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता, ज्याच्यासाठी गांधीजींनी देशासमोर एक कोटी रुपयांचे लक्ष्य ठेवले होते. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा बरेच चढे होते आणि ते तसे का आहेत हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. त्यात कोणाला अशिष्ट वाटले नाही. पुढेही शाळेच्या इमारतीसाठी, ग्रंथालयासाठी, पूरग्रस्तांसाठी नाटकाचा प्रयोग घ्यायचा आणि देणगी प्रवेशिका खपवायच्या, हा गावोगावच्या संस्थांचा परिपाठ राहिला. गणेशोत्सवाची वर्गणी तर पावतीपुस्तक समोर धरूनच मागितली जाते, आणि आधीच्या पानावर शेजाऱ्याने किती दिले हे वाचूनच आपण आकडा ठरवतो. पैशाचा उल्लेख आपल्याला खटकत नाही. किती द्यावे लागेल आणि कधी मागतील हे न कळणे खटकते, आणि आग्रहाच्या गोड भाषेमागे ते दडवले असेल तर जास्तच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो आकड्यांवर उभा आहे. स्टेफानो डेलाविन्या, जॉन लिस्ट आणि उलरिके माल्मेंडिएर या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागोच्या उपनगरांत केलेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. निधी मागायला माणसे दारोदार जाणार होती. काही घरी ती कसलीही पूर्वसूचना न देता गेली. काही घरांच्या दाराला आदल्या दिवशी चिठ्ठी अडकवली होती, की उद्या अमुक वेळेत आम्ही निधी मागायला येत आहोत. तिसऱ्या गटाच्या चिठ्ठीवर एक चौकट जास्त होती. तिच्यात खूण केली की त्या घराचे दार कोणी वाजवणार नव्हते. चिठ्ठीमुळे दार उघडणाऱ्यांचे प्रमाण ९ ते २५ टक्क्यांनी घसरले. चौकट असलेल्या चिठ्ठीने तर देणगी देण्याचे प्रमाणच २८ ते ४२ टक्क्यांनी खाली आणले. याचा सरळ अर्थ असा, की आधी कळले तर लोक टाळतात आणि वाट दिली तर त्या वाटेने निघून जातात. मग मागणी उघडी करा असे सांगणारा माणूस संस्थेच्या तिजोरीवरच उठला आहे, असे कोणी म्हटले तर ते वावगे नाही.

तरी हा निष्कर्ष पूर्ण वाचला तर चित्र बदलते. चौकटीमुळे झालेली घट मुख्यतः दहा डॉलरपेक्षा लहान देणग्यांत होती. दारात उभ्या असलेल्या माणसाला हात हलवत परत पाठवणे बरे दिसत नाही म्हणून दिलेल्या त्या रकमा होत्या. त्याच अभ्यासाने असाही अंदाज काढला, की या मोहिमांमुळे घरच्या लोकांना देण्याच्या समाधानापेक्षा दबावाचा त्रास अधिक झाला. दारात मागणाऱ्याला तो दबाव जवळजवळ फुकट मिळतो. कार्यक्रम करणाऱ्याचे तसे नसते. नाट्यगृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, कलावंतांचे मानधन आणि चहापाणी हे सगळे प्रत्येक खुर्चीमागे विभागले जाते. भिडेखातर येऊन पाकिटात पन्नास रुपये घालणारा पाहुणा बऱ्याचदा आपल्या खुर्चीचा खर्चही भरून काढत नाही, आणि पुढच्या वर्षी संस्थेचा फोन आला की तो उचलत नाही. शिकागोच्या प्रयोगात ज्यांनी दार उघडले नाही त्यांच्यापायी संस्थेचे फारसे काही खर्ची पडले नाही. इथे न देणारा माणूस दारात अडला असता तर एक खुर्ची देणाऱ्यासाठी मोकळी राहिली असती. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. काल पूर आला, उद्या धान्य पोचवायचे आहे, अशा वेळी दबावातून आलेला रुपयाही रुपयाच असतो. तेव्हा डबे घेऊन चौकात उभे राहावे. पत्रिका छापून कार्यक्रम ठरवणे हे त्या घाईचे साधन नाही. जी संस्था दर वर्षी त्याच चारशे-पाचशे घरांकडे जाणार आहे, तिचे ते साधन आहे.

आता मागणी करायची ठरली तर आकड्याचे काय? रॉबर्ट चाल्डिनी आणि डेव्हिड श्रोडर यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला छोटा अभ्यास या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. कॅन्सर सोसायटीसाठी घरोघर देणगी मागताना, एक पेनीसुद्धा उपयोगी पडेल एवढे वाक्य शेवटी जोडले, आणि देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २९ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले. देणारे वाढले पण प्रत्येकाची सरासरी रक्कम घसरली नाही, हे त्यातले विशेष. आपल्याकडे यासाठी 'फूल ना फुलाची पाकळी' तयारच आहे, आणि म्हणूनच ती पत्रिकेवर निकामी ठरते. समोरासमोर बोललेल्या वाक्यात जे बळ असते ते शेकडो पत्रिकांवर छापून गुळगुळीत झालेल्या ओळीत राहत नाही. शिवाय कार्यक्रमाला आसने मोजकी असतात, तिथे पाकळीवर प्रवेश देता येत नाही. म्हणून दोन वाटा वेगळ्या छापाव्यात हे बरे: येणाऱ्यांसाठी ठरलेले दर, आणि येऊ न शकणाऱ्यांसाठी हवी तेवढी रक्कम देण्याची सोय. दर दोन असावेत, फार तर तीन. हीरक, सुवर्ण, रौप्य, कांस्य असे आश्रयदात्यांचे सात-आठ वर्ग पाडून पत्रिकेचे दरपत्रक करण्याची जी हौस असते, ती स्मरणिकेच्या जाहिरातींपुरती ठेवावी. आणि आकडाच न देता 'यथाशक्ती' लिहून मोकळे होणे हा तर नम्रतेचा आव आहे. त्याने वाचणाऱ्याला शक्तीचा अंदाज करायला बसवले जाते, आणि अंदाज करायला लागलेला माणूस पत्रिका नंतर पाहू म्हणून टीव्हीवर ठेवून देतो.

रकमेपेक्षा अवघड भाग कारणाचा. कारण सांगताना संस्थांना आकडे आवडतात: किती तालुके, किती लाभार्थी, किती शिबिरे. देणाऱ्याचे मन मात्र आकड्यांवर हलत नाही, याचा चांगला पुरावा डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांच्या २००७ च्या अभ्यासात आहे. सहभागी माणसांच्या हातात पाच डॉलर होते. त्यांतल्या काहींना मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीविषयी वाचायला दिले. त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. काहींना आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांची आकडेवारी दिली. तिथे सरासरी १.१४ डॉलर निघाले. दोन्ही एकत्र दिल्यावर रक्कम वाढायला हवी होती, पण ती १.४३ डॉलरवर थांबली. आकडे शेजारी आले आणि रोकिया मागे पडली. हे वाचून पत्रिकेवर एका मुलीचे मोठे छायाचित्र, तिचे नाव आणि गाव छापण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. बहुतेक डिझायनर तोच सल्ला देतात.

हा सल्ला मी अर्धाच मानतो. एक तर कायदा आडवा येतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बालगृहे आणि अनाथाश्रमांच्या पत्रिका या कलमाच्या कक्षेत सहज येऊ शकतात, आणि आता त्या व्हॉट्सअॅपवरून कुठेही पोचतात. पण कायदा नसता तरी प्रश्न उरलाच असता. जी मुलगी दहा वर्षांनी याच शहरात नोकरीसाठी अर्ज करणार आहे, तिचा चेहरा मदतीच्या पत्रिकेवर कायमचा चिकटवण्याचा अधिकार तिच्या भल्यासाठी झटणाऱ्यांनाही नाही. फाउंडलिंग हॉस्पिटलने अठराव्या शतकात यातून काढलेली वाट आजही शिकण्यासारखी आहे. विल्यम हॉगार्थ हा चित्रकार त्या संस्थेच्या विश्वस्तांपैकी एक होता. संस्थेच्या मानचिन्हाची कल्पना त्याची. त्यात उघड्यावर पडलेले, हात पसरलेले एक नागडे बाळ आहे आणि खाली ब्रीद म्हणून एकच शब्द, मदत. ते बाळ कोणाचेही नाही आणि म्हणून संस्थेतल्या प्रत्येक मुलाचे आहे. अशा रेखाटनाला छायाचित्राची धार नसते, हे खरे. ती भरून काढायला मजकूर असतो: नाव-गाव न सांगता एकाच मुलाच्या एका दिवसाचा तपशील चार ओळींत लिहिता येतो, की पहाटेची एसटी पकडून तो शाळेला निघतो, परत यायला रात्र होते, आणि वसतिगृहात खाट मिळाली तर प्रवासाचे चार तास वाचतील. कामाचा एकूण पसारा सांगायचाच असेल तर तो आतल्या पानावर जावा, रोकियाच्या शेजारी नको.

छायाचित्राऐवजी मुलांनीच काढलेली चित्रे पत्रिकेसोबत पाठवण्याचीही एक पद्धत आहे, आणि ती चालते. आर्मिन फाल्क यांनी झुरिच भागात सुमारे दहा हजार आवाहनपत्रांवर केलेल्या प्रयोगात ढाक्यातल्या रस्त्यावरच्या मुलांची चित्रे असलेले एक भेटकार्ड सोबत घातले तर देणाऱ्यांची संख्या १७ टक्क्यांनी वाढली, चार घातली तर ७५ टक्क्यांनी. चित्रात मुलाची ओळख उघडी पडत नाही आणि त्याचा हात मात्र दिसतो. भेट देऊन माणसाला मिंधे करण्याचा हा प्रकार नाही का, असे विचारता येईल. थोडासा आहे. म्हणूनच चार कार्डांपेक्षा एक पाठवावे, असे माझे मत आहे, जरी आकडे चाराच्या बाजूने बोलत असले तरी.

आतापर्यंत किती जमले आणि खर्च कोण करतो, या दोन गोष्टी पत्रिकेवर जवळजवळ कधीच नसतात. निम्मे पैसे आधीच आले आहेत असे कळले तर लोक हात आखडता घेतील, अशी संयोजकांना भीती असते. जॉन लिस्ट आणि डेव्हिड लकिंग-रायली यांनी फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या निधिसंकलनात उलटे पाहिले. आवाहनपत्रात आधी जमलेली रक्कम लक्ष्याच्या १० टक्क्यांऐवजी ६७ टक्के असल्याचे सांगितले, तेव्हा एकूण देणग्या जवळपास सहापट झाल्या. तडीस जाणाऱ्या कामात पैसे घालायला माणूस लवकर तयार होतो. खर्चाबाबतचा पुरावा तर कार्यक्रम करणाऱ्यांनी पाठच करावा असा आहे. २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या युरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात चाळीस हजार लोकांना पत्रे गेली. साध्या पत्राला सुमारे ३.४ टक्के लोकांनी प्रतिसाद दिला. एका मोठ्या देणगीदाराने सुरुवातीची रक्कम दिली आहे असे लिहिल्यावर, किंवा तुमच्या प्रत्येक रुपयाला तो आपला रुपया जोडेल अशा अर्थाचे लिहिल्यावर हे प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास गेले. त्याच देणगीदाराने संस्थेचा प्रशासकीय खर्च उचलला आहे, तुमचा पैसा थेट कामाला जाईल, असे लिहिल्यावर ते साडेआठ टक्के झाले. देणगीदाराचा पैसा तेवढाच होता, तो कुठे गेला हे सांगण्याची पद्धत बदलली. आपल्याकडे सभागृहाचे भाडे भरणारा प्रायोजक बहुतेक कार्यक्रमांना असतोच. त्याचे बोधचिन्ह पत्रिकेच्या कोपऱ्यात छापतात आणि त्याने नेमके काय दिले हे सांगत नाहीत. 'कार्यक्रमाचा सर्व खर्च यांनी उचलला असून प्रवेशिकेची पूर्ण रक्कम वसतिगृहाच्या कामाला जाईल' हे वाक्य त्या बोधचिन्हाच्या दसपट कामाचे आहे. सोनेरी फॉइलची, जाड आर्ट कार्डावरची, रेशमी गोंड्याची पत्रिका याच वाक्याला खोटे पाडते. ती हातात घेतल्यावर वाचणारा पहिला हिशोब तिचाच करतो.

उघडेपणाला कायद्याचाही आधार आहे आणि थोडा जाचही. महाराष्ट्रात धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ४१क लागू होऊ शकते. गणेश मंडळे दर वर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी घेतात ती याच कलमाखाली. न्यासाचा नोंदणी क्रमांक पत्रिकेवर असणे हे त्यामुळे निव्वळ शोभेचे नाही. करसवलतीचे मात्र संस्था सरसकट छापतात आणि अर्धवट छापतात. ८०जी या क्रमांकाने सगळ्यांना माहीत असलेली वजावट २,००० रुपयांपेक्षा मोठ्या रोख देणगीला मिळत नाही, आणि नवी करप्रणाली स्वीकारलेल्याला ती मिळतच नाही. पत्रिकेवर ठळक अक्षरात करसवलत लिहून रोख पाच हजार घेणारी संस्था मार्चमध्ये देणगीदाराच्या सीएकडून नाव कमावते. अमेरिकेत तर याहून बारीक नियम आहे: ७५ डॉलरपेक्षा जास्त घेऊन बदल्यात जेवण किंवा प्रवेश दिला तर त्या बदल्याची किंमत किती आणि निव्वळ देणगी किती, हे संस्थेने लेखी कळवावे लागते. इथल्या कामासाठी तिकडे स्नेहभोजने करणाऱ्या मराठी मंडळींच्या संस्थांनाही तो पाळावा लागतो. आपल्या प्रवेशिकेवर अशी फोड कोणी मागत नाही. ती स्वतःहून छापायला कोणी अडवतही नाही. क्यूआर कोड हल्ली सगळेच छापतात. त्याच्याखाली पैसे पाठवताना पडद्यावर कोणते नाव दिसेल हेही छापावे, कारण संस्थेचे बोलीतले नाव एक आणि बँकेतले नाव दुसरेच असते, आणि अनोळखी नाव दिसले की शहाणा माणूस थांबतो. पत्रिकेचे चित्र वर्षभर फिरत राहते, तेव्हा निधी कोणत्या तारखेपर्यंत घेतला जाईल तेही त्यातच असावे.

शेवटचा मुद्दा जागेचा आहे आणि तोही मागणीतूनच निघतो. जितके पैसे घेतले तितकी आसने द्यायला लागतात. १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये 'मसाया'चा पहिला प्रयोग झाला तो कर्जापायी तुरुंगात पडलेले कैदी आणि दोन रुग्णालये यांच्यासाठी. त्याच्या जाहिरातीत स्त्रियांनी फुगीर घेराचे सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावे, अशी विनंती होती, कारण तेवढ्याने आणखी शंभर माणसे मावणार होती. सहाशेच्या सभागृहात सातशे आले, सुमारे ४०० पौंड जमले आणि १४२ कैदी सुटले. सूचना कारणासह दिली की मानी माणसेही ती ऐकतात. लंडनला मात्र १७५० मध्ये प्रवेशिका मोजून काढूनही उमराव मंडळी प्रवेशिकेशिवाय आली, दारात पैसे देऊन आत शिरली, आणि प्रवेशिका असलेले काही लोक जागा न मिळाल्याने परत गेले. संस्थेला जाहीर खुलासा करून १५ मे रोजी दुसरा प्रयोग लावावा लागला. आपल्याकडे उमरावांची जागा सन्मानिकावाल्यांनी घेतली आहे. हजार रुपये मोजलेला माणूस दहाव्या रांगेत आणि पुढच्या तीन रांगा नगरसेवक, त्यांचे कार्यकर्ते आणि प्रायोजकांचे नातलग यांच्यासाठी दोरी लावून अडवलेल्या, पुष्कळदा रिकाम्या, हे दृश्य कोणत्याही नाट्यगृहात दिसते. त्या रांगा ठेवायच्याच असतील तर किती आणि कोणासाठी, हे प्रवेशिकेवर छापून टाकावे. ज्यांचा मानापमान व्हायचा आहे त्यांचा तो प्रूफ हातात असतानाच होईल, आणि तेव्हा त्यांची समजूत काढायला निदान दोन आठवडे मिळतील.